कासमभाईंची पांढरी ताटली

कासमभाई परकार कुठलंही काम करायला बसले की आधी खाली पांढरी ताटली ठेवायचे. एनॅमलची, निळ्या काठाची, पूर्वी सरकारी दवाखान्यात असायची तशी. काडतुसं भरताना ताटली, हे समजण्यासारखं होतं. पण घड्याळाचा सेल बदलताना, सदऱ्याचं बटण लावताना, अगदी डाळिंब सोलतानाही त्यांना ती लागायची. आमच्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा मी चहाचा कप पुढे केला, तर म्हणाले, "बाय, काचेचा गिलास नाय? नि खाली कायतरी पांढरा दे." माझ्या मनात लगेच आलं, आमच्या कपांचं यांना वावडं आहे की काय! मी जरा घुश्श्यातच ग्लास आणि बशी दिली. त्यांनी ग्लास उजेडात धरला, खूश झाले आणि म्हणाले, "कपात काय कळता किती भरला तो? नि बशी पांढरी असली म्हंजे सांडला तर दिसता."

लोकांबद्दल झटकन मत बनवायची मला खोड आहे. ती तेव्हाही होती, आणि कासमभाईंच्या बाबतीत तिने काय केलं तेच मला इथे सांगायचं आहे.

मी फिजिओथेरपिस्ट. लग्नानंतर चौऱ्याण्णव साली नवऱ्यापाठोपाठ पुण्याहून मस्कतला आले आणि अल् खुवैरमधल्या एका खासगी हॉस्पिटलात नोकरीला लागले. अरबी यायची ती पाच वाक्यं: हात वर, हात खाली, श्वास घ्या, दुखतं का, उद्या या. एवढ्या भांडवलावर माझं बरं चाललं होतं. मग एक दिवस हमदबाबा आले. मस्कतजवळच्या सीबचे जुने जमीनदार, सत्तरीच्या पुढचे. खजुराच्या झाडावर स्वतः चढायची हौस, त्यात पडून उजवा खांदा मोडलेला. ऑपरेशन झालं होतं, पण मी सांगेन त्याच्या बरोबर उलटं करायचं हा त्यांचा नेम होता. तिसऱ्या दिवशी मी वैतागून स्वतःशीच पुटपुटले, "हा म्हातारा काही ऐकायचा नाही."

"नाय ऐकायचा, बाय," दारातून आवाज आला. "माजा बारा वर्षांचा अनुभव हाय."

दारात पांढरा शुभ्र पायजमा-सदरा घातलेला, जाळीची टोपी, बारीक दाढी असा पन्नाशीचा माणूस उभा होता. रत्नागिरीजवळच्या खाडीकाठच्या गावचा. पुण्याकडच्या एका दारूगोळा कारखान्यात उमेदीची वर्षं काढून ओमानला आलेला. हमदबाबांचा मुलगा सईद, त्याचा सीबच्या पुढे बरकाच्या रस्त्यावर नेमबाजीचा क्लब होता. तिथे बंदुकांची देखभाल आणि काडतुसं भरणं हे कासमभाईंचं काम. सईद त्यांचा अर्बाब, म्हणजे मालक. अर्बाबच्या वडलांना दवाखान्यात नेणं-आणणं आणि अरबीचं हिंदी करणं हे त्यांनी आपणहून अंगावर घेतलं होतं. माझ्यासाठी मात्र ते अरबीचं थेट रत्नागिरीचं मराठी करायचे.

हमदबाबांचा प्रश्न एकच होता: ईदला बंदूक चालवता येईल का? त्यांच्याकडे वडलांच्या वेळची थ्री-नॉट-थ्री होती. तिकडच्या जुन्या घरांत बंदूक म्हणजे घरातलं माणूसच. ईदला वाडीतले सगळे म्हातारे जमायचे आणि लांब टेकाडावर लावलेल्या पांढऱ्या ठिपक्यावर नेम धरायचे. हमदबाबा गेली चाळीस वर्षं त्यात होते. मी म्हटलं, "या खांद्यावर थ्री-नॉट-थ्रीचा धक्का? आयुष्यात नाही." कासमभाईंनी ते भाषांतर करून सांगितलं. हमदबाबांनी भिंतीकडे तोंड केलं आणि त्या दिवशी हात वर करायलाही नकार दिला.

दुसऱ्या दिवशी कासमभाई एकटेच आले. "बाय, अजिबात नाय असा सांगू नको. किती धक्का चालंल ता सांग."

आता हे काय किलोत सांगायचं? मी म्हटलं तसं. तर ते भिंतीला पाठ लावून उभे राहिले आणि आपला उजवा खांदा पुढे केला. "हात लावून दाखव."

मला हसू आलं, पण माणूस गंभीर होता. मी तळवा त्यांच्या खांद्यावर ठेवून झटक्यात ढकललं. "इतका खुशाल चालेल." त्यांनी डोळे मिटले. "फुडं?" मी आणखी जोर लावला. "एवढा शेवटचा. यापुढे नाही." डोळे तसेच मिटलेले. "आता त्याच्यापेक्षा जास्त कर. म्हंजे मला कळंल कुटं थांबायचा." मी जोरात ढकललं. त्यांचं डोकं भिंतीला लागलं आणि टोपी पडली. ते टोपी उचलत शांतपणे म्हणाले, "ह्यो जरा जास्त झाला." आणि मधला धक्का लक्षात ठेवून निघून गेले.

मला वाटलं, दोन दिवसांत काडतुसं तयार होतील. महिना उलटून गेला तरी पत्ता नाही. हमदबाबा मला रोज विचारायचे, जसं काही मीच अडवून धरलं होतं. शेवटी एका शुक्रवारी कासमभाईंनी मला आणि माझ्या नवऱ्याला क्लबवर बोलावलं. मागच्या बाजूला त्यांची लहानशी खोली होती. टेबल, त्यावर बारीक तराजू, एक दिवा, पांढरी ताटली आणि बंदुकीच्या दारूची एकच बाटली. बाकीच्या बाटल्या कपाटात कुलपात. टेबलावर एका वेळी दोन बाटल्या कधीच नाहीत. बोटाने ओळी दाखवून दाखवून काळी पडलेली इंग्रजी पुस्तकं फळीवर होती. "पुस्तकात नाय ता करायचा नाय," हा त्यांचा पहिला नियम.

मी माझी अक्कल पाजळलीच. "यात एवढं काय? धक्का कमी हवा तर दारू कमी घाला."

कासमभाई खळखळून हसले. "समद्यांना तसाच वाटता, बाय."

मग त्यांनी समजावलं. नेहमीची दारू सावकाश जळणारी असते. काडतुसाची पितळी पुंगळी बरीचशी भरलेली असेल तरच ती शहाण्यासारखी वागते. ती नुसती कमी केली की लांबलचक पुंगळीत तळाशी पसरून पडते आणि वर सगळी मोकळी जागा. मग कधी ती फुसकी निघते आणि गोळी नळीतच अडकते, तर कधी ती काय करील याचा नेम नसतो. म्हणून हलक्या काडतुसाला दारूच वेगळी निवडायची, चटकन पेटणारी. तशी एक त्यांच्या कपाटात होती. जड, बारीक दाण्याची, चिमूटभरात काम भागवणारी. सईदने तीच वापरायला सांगितलं होतं. पण कासमभाई अडून बसले. त्यांना दुसरी हवी होती, ती मागवावी लागणार होती, परवाने, पोलिसांचे कागद, सगळं आलं. त्यात महिना गेला होता.

"पण काम दोन्हींनी सारखंच होतं ना?" माझ्या नवऱ्याने विचारलं. तो इंजिनियर, त्याला राहवेना.

"काम होता. पण ह्या बघा. पाव किलो तांदूळ डब्यात टाकलात तर तळाशी बसतात. आनखी पाव किलो टाका, तरी बसतात. झाकण लावलात की कुणाला कळत नाय किती हायत ते. नि पाव किलो कुरमुरे टाका. डबा भरतो. चुकून आनखी टाकलात, तर?"

"सांडतील."

"सांडतील. ताटलीत दिसतील. माजी ही दारू कुरमुऱ्यासारखी. एक माप पुंगळीत पुरता नि दुसरा मावत नाय. माणूस हाय, चूक व्हायचीच. पण चूक दिसली पाहिजे. जी आत लपून ऱ्हाते ती वाईट."

त्यांच्या वडलांच्या डाव्या हाताला अंगठा नव्हता, हे त्यांनी त्याच दिवशी सांगितलं. गावाला भातात रानडुकरं यायची म्हणून घरात ठासणीची बंदूक होती. वडील दारू ठासत असताना कोणीतरी हाक मारली, बोलून परत आले आणि ठासलेली विसरून पुन्हा ठासली. "नळीत दिसत नाय ना," कासमभाई म्हणाले. एवढंच. मग नवऱ्याला चहा विचारला.

म्हणूनच असेल, काम चालू असताना त्यांना हाक मारलेली चालायची नाही. कोणी मारलीच, तर ते हातातलं सगळं ओतून परत पहिल्यापासून सुरू करायचे. एकदा मी तिथे असताना सईद पाहुण्यांना घेऊन आला आणि दारातूनच ओरडला, "कासम, यल्ला, तआल!" चल, ये इकडे. कासमभाईंनी समोरच्या भोकांच्या ठोकळ्यात उभ्या केलेल्या पन्नासच्या पन्नास पुंगळ्या एकेक करून बाटलीत रिकाम्या केल्या, झाकण लावलं, मग उठले. पाहुणे बघतच राहिले. परत येऊन मला म्हणाले, "अर्बाब तो हायच. पन माजा ध्यान हटला तर कितव्यात होतो ता कोन सांगंल?"

ईदच्या दिवशी आम्ही मुद्दाम गेलो. हमदबाबांनी बंदूक खांद्याला लावली. मी डोळे मिटून घेतले होते, माझंच ऑपरेशन असल्यासारखे. बार झाला, पण नेहमीपेक्षा मवाळ. हमदबाबांनी बंदूक खाली घेतली, खांदा चाचपला आणि रागाने कासमभाईंकडे बघून काहीतरी बोलले. आजूबाजूचे म्हातारे खदाखदा हसले.

"काय म्हणाले?"

"बोलतत, कासम, तू माज्या वाघाची बकरी केलीस."

मग टेकाडावरून माणूस ओरडत आला. ठिपक्याला भोक पडलं होतं. दुसरी गोळी त्याच्या शेजारी, तिसरी तिच्या शेजारी.  निघताना हमदबाबांनी माझ्यासमोर उजवा हात पार डोक्याच्या वर नेऊन दाखवला. दवाखान्यात कधी इतका वर नेला नव्हता.

त्यानंतर वाडीतले खांदे धरलेले, मान आखडलेले सगळे म्हातारे कासमभाईंकडे ती काडतुसं मागायला लागले. खोक्यावर कसली दारू, किती, कधी भरली हे सगळं ते इंग्रजीत लिहायचे. पण या खोक्यांवर वर ठसठशीत देवनागरीत लिहिलेलं असायचं, "डॉक्टरणीचा हात". मला ते बघून इतका आनंद झाला की मी एक रिकामं खोकं मागून घेतलं. ते अजून माझ्याकडे आहे. आता ते उघडून बघवत नाही.

पुढची सात-आठ वर्षं कासमभाई आमच्या घरचेच झाले. शुक्रवारी सीबच्या बाजारातून मासळी घेऊन यायचे, तीही स्वतः साफ करून, कारण माझ्या साफ करण्यावर त्यांचा विश्वास नव्हता. माझी मुलगी तिथल्या शाळेतली, मैत्रिणींशी सगळं इंग्रजीत. मराठी बोलताना अडखळायची, मग मी टोकायचे, मग ती गप्पच व्हायची. एकदा कासमभाईंनी मला जवळजवळ झापलं. "तिला बोलू दे. चुकली तर चुकली. दिसंल तरी. गप ऱ्हायली तर तुला काय कळनार आत काय हाय ता?" त्यांच्याशी ती धडाधड बोलायची, 'माझी दप्तर' आणि 'तो खुर्ची' करत. आज ती मराठी बोलते ती बरीचशी त्यांच्यामुळे, आणि कधीकधी 'नाय' म्हणते तेही.

दोन हजार दोन-तीनच्या सुमाराला काही गोष्टी बदलल्या. कासमभाईंचा पिकअप 'खराब' झाला आणि दुरुस्त काही होईना. ते टॅक्सीने यायला लागले. खोलीतल्या टेबलावर एकाचे दोन दिवे झाले, मग एक भिंगही आलं. नेहमीची पूर्ण ताकदीची काडतुसं भरणं त्यांनी बंद केलं. तरणे लोक मागायला आले की म्हणायचे, "खलास. बाजारातून घ्या." फक्त हलकी भरायचे. लोक म्हणाले, कासम म्हातारा झाला, हट्टी झाला. मीही तेच म्हटलं. मग एका शुक्रवारी त्यांनी आमच्याकडे स्वतःच्या हाताने चहा ओतून घेतला आणि ओतताना तर्जनीचं टोक ग्लासाच्या काठातून आत धरलं. चहा बोटाला लागल्यावर थांबले. मी दवाखान्यात अशी माणसं पाहिली होती. 

मी त्यांना आमच्याच हॉस्पिटलातल्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. काचबिंदू होता, बराच पुढे गेलेला. गेलेली नजर परत येणार नव्हती, उरलेली थेंबांवर जितकी टिकेल तितकी. बाहेर गाडीत बसल्यावर त्यांनी थेंबांची बाटली खिशात ठेवली. मग म्हणाले, "बाय, अर्बाबला तू सांगू नको. मी सांगेन. ही ईद होऊ दे. हमदबाबांची आता किती ईद ऱ्हायल्यात? ती झाली की मीच चावी देईन."

"पण कासमभाई, काम कसं करणार?"

"ता माज्यावर सोड. मला एकच पायजे. बारूदाच्या कामात उभा जन्म गेला, माज्या हातची एक गोळी खराब निघाली असा कोन बोललेला नाय. त्या नावानं घरी जाऊ दे."

मी म्हटलं, "इन्शाल्ला." आपल्याला नक्की काही कबूल करायचं नसलं की आम्ही सगळे तिकडे हा शब्द वापरायचो. पण त्यांनी तो वचन म्हणूनच घेतला असणार. मीही दोन महिने तो वचनासारखाच पाळला.

ईदला पंधरा दिवस होते. हमदबाबांचा खांदा हिवाळ्यात धरला म्हणून मी त्यांच्या घरी व्यायाम द्यायला जायचे. त्या दिवशी सईदची पंधरा वर्षांची मुलगी आत आली आणि आनंदाने मला इंग्रजीत सांगू लागली की या ईदला आजोबांबरोबर तीही नेम धरणार आहे, कासमचाचांनी तिच्यासाठी वेगळं खोकं भरून ठेवलं आहे, 'डॉक्टरणीचा हात'. तिने बंदूक गालाला लावल्याचा अभिनय करून दाखवला. मी तिच्या गालाकडे बघत राहिले. माझ्या डोळ्यासमोर ग्लासातलं ते बोट आलं. आणि तो अंगठा नसलेला हात, जो मी कधी पाहिलाही नव्हता.

बॅग आवरताना सईद दारात आला तेव्हा मी त्याला सांगून टाकलं. एकच वाक्य. कासमला नीट दिसत नाही. सईदचा चेहरा उतरला. "शुक्रन, दक्तोरा," म्हणून त्याने आभार मानले.

घरी येऊन मी नवऱ्याला सांगितलं तेव्हा मला अगदी हलकं वाटत होतं. जबाबदारीनं वागल्याचं समाधानही होतं, खोटं कशाला बोलू. तो म्हणाला, "त्यांना विचारलंस का, ते काय काळजी घेतात ते?"

"त्यात विचारायचं काय? डोळे गेलेत त्यांचे."

निदान आधी त्यांच्याकडे जाऊन सांगायला हवं होतं की मला भीती वाटते, मी आता गप्प राहू शकत नाही. सीबला जायला पंचवीस मिनिटं लागायची. मी गेले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी खोलीची चावी काढून घेतली गेली. हे मला कासमभाईंनी कळवलं नाही, कुरियनने फोन करून सांगितलं. कुरियन हा क्लबचा केरळी क्लार्क.  "मॅडम, आपने बोला क्या?" मी हो म्हटलं. तो म्हणाला, "मॅडम, डेढ़ साल से हर ट्रे मैं देखता है. टॉर्च मार के. कासमभाई बोला, कुरियन, मेरा आँख अब भरोसे का नहीं, तू देख. मैं पचास का पचास देखता, फिर मैं ओके बोलता, तभी वो गोली बिठाता. आपको मालूम नहीं था?"

मला मालूम नव्हतं. पूर्ण ताकदीची काडतुसं त्यांनी बंद का केली तेही मला तेव्हा समजलं. फक्त कुरमुऱ्यासारखी दारू त्यांनी हातात ठेवली होती, जिचं दुसरं माप मावतच नाही. एके काळी हमदबाबांच्या खांद्यासाठी निवडलेली ती दारू त्यांनी आता स्वतःच्या डोळ्यांसाठी निवडली होती. माझ्यासमोर, माझ्याच नवऱ्याला, तांदूळ-कुरमुरे करून त्यांनी हे आठ वर्षांपूर्वी समजावलं होतं. मी त्याची गमतीदार गोष्ट करून पुण्यात लोकांना सांगितली होती. आणि गरज पडली तेव्हा मला ती आठवली नाही.

कासमभाईंनी सईदकडे एकच गोष्ट मागितली. आपण भरलेलं आणि क्लबात शिल्लक असलेलं प्रत्येक काडतूस आपल्यासमोर उघडायचं आणि वजन करायचं. सईद म्हणाला, गरज नाही, नष्ट करू. कासमभाई म्हणाले, "नाय. उघडायचा." मग दुसऱ्या क्लबातून एक जाणकार माणूस आणला. तीन दिवस काम चाललं. मी तिन्ही दिवस दुपारची ड्यूटी बदलून गेले. मला कोणी बोलावलं नव्हतं, कोणी जा असंही म्हटलं नाही.

तो माणूस गोळी उपसायचा, दारू तराजूवर ओतायचा, आकडा वाचायचा. कुरियन खूण करायचा. कासमभाई समोरच्या खुर्चीत ताठ बसून ऐकायचे. त्यांना आकडा दिसत नव्हता, पण पारड्यात दारू पडल्याचा बारीक आवाज आला की मान किंचित हलायची. खोक्यामागून खोकं, प्रत्येकावर माझं नाव. एकही चुकीचं निघालं नाही. सईदच्या मुलीचं खोकं सगळ्यात शेवटी उघडलं. तेही बरोबर.

सईद उठून त्यांच्याजवळ आला. खाली बसला, त्यांचा हात हातात घेतला आणि अरबीत हळूहळू बोलला. राहा, असं म्हणत असणार. कासमभाईंनी मान हलवली. नंतर मी विचारलं तेव्हा म्हणाले, "एकदा उघडून बघितल्यान. आता मी भरलेला परत्येक उघडून बघावासा वाटनार त्याला. त्याचा काय चुकला? तसा भरून काय मजा नाय, बाय."

मग ते टेबलाशी गेले. एक रिकामी पुंगळी घेतली, ताटलीत उभी धरली, बोटांनी चाचपून माप भरलं, ओतलं. पुन्हा माप भरलं, पुन्हा ओतलं. काळे दाणे काठावरून सांडून पांढऱ्या ताटलीत पसरले. मी डावीकडे उभी होते, ते उजवीकडे बघून बोलले.

"सांडला ना, बाय?"

"सांडलं, कासमभाई."

"आवाज आला?"

"आला."

"मला पन आला. तेवढा विचारायचा होतास."

त्यांनी मऊ ब्रशने सगळे दाणे गोळा केले, बाटलीत भरले, झाकण घट्ट लावलं आणि बाटली कपाटात ठेवायला कुरियनकडे दिली.

त्या ईदला हलकी काडतुसं उरलीच नव्हती. हमदबाबांची बंदूक भिंतीवरून खाली आली नाही. त्यांनी मला पुन्हा व्यायामाला बोलावलंही नाही, आणि पुढच्या ईदपर्यंत ते राहिलेही नाहीत. कासमभाई गावी गेल्यावर चार वर्षांनी वारले. दर सुट्टीत मी पुण्यापर्यंत जायचे आणि रत्नागिरी पुढच्या वेळेवर टाकायचे. अंतर काही फार नव्हतं. मला त्यांच्या दारात उभं राहायचा धीर नव्हता, हे खरं कारण.

विमानतळावर त्यांना सोडायला मीच गेले होते. कुरियन येणार होता, मी त्याला म्हटलं, मला जाऊ दे. सीबहून विमानतळ जवळच, त्यामुळे गाडीत फार बोलणं झालंच नाही. मुलीची चौकशी केली, तिला मराठीत पत्र लिहायला सांग म्हणाले. आत जायच्या दारापाशी ट्रॉली थांबवून मी एकदाचं म्हटलं, "कासमभाई, मला माफ करा. मला भीती वाटली हो."

 हात पुढे करून त्यांनी माझा हात शोधला, त्याचा तळवा उघडला आणि आपल्या उजव्या खांद्यावर ठेवला. बरोबर तिथेच, जिथे मी त्या दिवशी दवाखान्यात ढकललं होतं. डोळे मिटले.

"ह्यो जरा जास्त झाला," ते म्हणाले. त्या दिवशी टोपी उचलताना म्हणाले होते तशाच, शांत आवाजात.

मग त्यांनी माझा हात खाली ठेवला, ट्रॉलीचा दांडा चाचपून धरला आणि काचेच्या दारातून आत गेले. वरच्या पिशवीतून ताटलीचा निळा काठ दिसत होता. मी हाक मारणार होते, पण मारली नाही. काम चालू असताना त्यांना हाक मारलेली चालायची नाही.